सुती दोरी की नायलॉन? गाठींची ब्रेसलेटं, किल्लीचे गोंडे आणि आपलं सोलापूर

जुळे_सोलापूर
आपल्या गावात सुताला तोटा नाही आणि विणणाऱ्या हातांनाही नाही, तरी दोरीची ब्रेसलेटं करायची म्हटलं की सगळे ऑनलाइन पॅराकॉर्ड, म्हणजे विणलेली नायलॉनची दोरी मागवतात. मला हे पटत नाही म्हणून इथे चर्चेला धागा काढते आहे.

मी हौसेने हे बरीच वर्षं करते. मनगटातली ब्रेसलेटं, किल्लीला लावायचे गोंडे, शिट्टीची दोरी. कोब्रा विण, स्नेक नॉट, डायमंड नॉट या गाठींवर हात बसलाय. आता कॉलनीतल्या आठवी-नववीच्या मुली शिकायला येतात आणि त्यांच्या डोक्यात बसलंय की जानेवारीत गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी छोटा स्टॉल लावायचा. नायलॉनची दोरी दिसते छान, टोक वितळवलं की काम संपलं, पण आपल्या उन्हात मनगटावर घामाने चिकचिक होते आणि काहींना लाल पुरळ येतं. सुती दोरीने केलं तर टिकेल का, टोकं कशी बंद करायची, रंग जाईल का, आणि विकायचं तर किंमत कशी धरायची? ज्यांनी हाताने केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, व्हिडिओच्या लिंका नकोत, त्या मी भरपूर बघितल्यात.

कडक_भाकरी
वाचतोय. मला फक्त गाडीच्या किल्लीला एक पाहिजे, रंग कुठला पण चालेल, भगवा असला तर उत्तम.

पूर्व_भाग
ताई प्रश्न चांगला आहे पण सूत आहे म्हणून दोरी आहे असं होत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या माग चालला म्हणून थोडं सांगतो. कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर येतं ते सूत. सुताचा नंबर जितका मोठा तितकं ते बारीक, टॉवेल-चादरीला जाडं लागतं म्हणजे लहान नंबरचं. त्याची दोरी करायची तर एकतर पीळ द्यायचा नाहीतर विणायची. पिळाची दोरी तुमच्या कामाला वाईट, कारण गाठ मारताना टोक फिरतं तसा पीळ सुटतो, पेड उघडे पडतात आणि गाठीवर केस उभे राहिल्यासारखं दिसतं. तुम्हाला पाहिजे विणलेली गोल दोरी. पायजम्याचा नाडा, बुटाची लेस, हुडीची दोरी हे सगळं त्याच मशिनवर होतं. बॉबिनी दोन दिशांनी एकमेकींना ओलांडत फिरत राहतात, गोफ नाचताना पोरी फिरतात तशा, आणि मधे दोरी तयार होऊन वर निघते. तेव्हा चाटी गल्लीत जाऊन सूत मागू नका, विणलेली सुती दोरी मागा, तीन किंवा चार एमएम. आणि आत पोकळ आहे का भरीव ते बोटाने दाबून बघा. पोकळ असली की गाठ चपटी बसते.

डोंगर_वाट
पॅराकॉर्डची बाजू मांडतो, कारण पुढे सगळे तिच्यावरच तुटून पडणार असं दिसतंय.

५५० पॅराकॉर्ड म्हणजे ५५० पौंडांपर्यंत न तुटणारी, साधारण अडीचशे किलो. वर विणलेलं नायलॉनचं आवरण आणि आत सात वेगळे धागे, प्रत्येक धागा पुन्हा दोन किंवा तीन पेडांचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पॅराशूटच्या दोऱ्या या जातीच्या होत्या, उतरल्यावर सैनिक त्याच कापून बाकीच्या कामाला वापरायचे. १९९७ साली हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीत अंतराळवीरांनी सुद्धा फाटलेलं आवरण नीट करायला ही दोरी वापरली. तर दोरी वाईट नाही, बाजारात जे पॅराकॉर्ड म्हणून मिळतं त्यात गडबड आहे. टोक कापा, आवरण मागे सरकवा आणि आतले धागे मोजा. सात वेगळे धागे दिसले पाहिजेत. आत नुसता पांढरा भुसभुशीत पुंजका असेल तर ती दिसायला पॅराकॉर्ड आहे, बाकी काही नाही. शोभेच्या ब्रेसलेटला चालेल, पण मग त्या भावाने विकू नये आणि ५५० तर अजिबात म्हणू नये.

दुसरं, स्टॉलवर मुलींनी कुणाला ‘ट्रेकला जीव वाचवेल’ असं सांगू नये. कुठलीही पॅराकॉर्ड चढाईची दोरी नव्हे. अडीचशे किलो हा आकडा हळूहळू ताणल्यावरचा आहे, माणूस पडला की झटक्याचा भार कितीतरी जास्त येतो, शिवाय गाठ मारली की दोरीची ताकद घटते. ब्रेसलेट उसवून निघतात आठ-नऊ फूट. तंबूची दोरी बदलायला, बुटाची लेस तुटली तर, सॅकचा पट्टा बांधायला एकदम मस्त. माणूस लटकवायला नाही. हे मी ट्रेकच्या ग्रुपमध्ये दर पावसाळ्यात सांगतो आणि सांगत राहणार.

कडक_भाकरी
पटलं. मी फक्त किल्ली लटकवणार आहे.

भीमा_काठ
आमी शेतकरी माणसं, आमच्याकडं दोरीचं काम बैलासाठी. कारहुणवी, म्हंजी बैलांचा सण आला की अक्कलकोट, दक्षिण सोलापूर सगळीकडं बाजारात कंडे, गोंडे, म्होरक्या, घुंगरमाळा लटकलेल्या दिसत्यात. माझे आजोबा अंबाडीचं आणि वाखाचं दावं स्वता वळायचे, मांडीवर पीळ द्यायचे आणि तिघं मिळून कासरा करायचे. आता सगळं नायलॉन. टिकतं, पावसात कुजत न्हाय, हे खरं. पण ताई तुमच्या प्रश्नाचं उत्तर बैलाच्या नाकात हाय बघा. नायलॉनची वेसण घातली की कडक धार लागती, नाक सोलून निघतं. म्हणून जाणता माणूस अजून पण वेसण सुताचीच घालतो, मऊ. जनावराला जे टोचतं ते पोरींच्या मनगटाला टोचणारच की. कातड्याला लागतं तिथं सूत, आणि ओढ बसती तिथं नायलॉन.

जुळे_सोलापूर
काका, फार मोलाचं सांगितलंत. हे मी वहीत लिहून घेतलंय. पूर्व_भाग दादा, उद्याच चाटी गल्लीत जाते. डोंगर_वाट, धागे मोजायचं मुलींना दाखवलं तर त्यांनी घरातल्या दिसेल त्या दोऱ्या कापून बघितल्या :)

गाठ_मारे
आता मापावर बोलू, कारण नवीन माणूस गाठीवर कमी आणि मापावर जास्त अडतो.

साध्या कोब्राला चार एमएमची दोरी असेल तर ब्रेसलेटच्या दर इंचाला एक फूट धरायची. मनगट सात इंच, वर एक इंच सैल, म्हणजे आठ इंचाला आठ फूट, आणि टोकं ओढायला हातात राहावीत म्हणून आणखी फूटभर. हा एक इंच सैल का सोडायचा ते मुलींना सांगा. टेपने मोजतो ते मनगटाचं बाहेरचं माप, पण ब्रेसलेटला स्वतःची जाडी असते, आतला घेर कमी होतो. म्हणून किंग कोब्रा म्हणजे कोब्रावर परत कोब्रा करणार असाल तर अजून सैल सोडा, आणि दोरी दुपटीपेक्षा जास्त लागते हे आधीच मोजून घ्या. दोरी मधेच संपली की सगळं उसवण्यावाचून उपाय नाही. दोरी बारीक असेल तर दर इंचात गाठी जास्त बसतात, मग हा हिशोब चालत नाही. तेव्हा आधी फूटभर दोरीत तुकडा विणून बघायचा, किती इंच भरला ते मोजायचं आणि त्यावरून पुढचं काढायचं.

कोब्राची गंमत अशी की ती एकच अर्धी गाठ आहे, फक्त एकदा डावीकडून एकदा उजवीकडून. मधे दोन दोऱ्या सरळ उभ्या, बाजूच्या दोन त्यांच्याभोवती. डावी दोरी वरून नेली तर पुढच्या वेळी उजवी वरून न्यायची. विसरून दोनदा एकाच बाजूने झालं की तिथे पट्टी पिळते. आणि मुद्दाम कायम एकाच बाजूने करत गेलात तर पूर्ण पट्टीचा मळसूत्री गोफ होतो, किल्लीच्या गोंड्याला तो फार देखणा दिसतो. कुठली बाजू झाली ते विसरायला होतं तेव्हा कडेला उभा टाका दिसतो तो बघायचा, तो ज्या बाजूला आहे त्याच बाजूची दोरी आता वरून जाणार. हे एकदा कळलं की मोजायला लागत नाही, गप्पा मारत करता येतं.

आणि खरं सांगू का, बघणाऱ्याला गाठ कोणती ते कळत नाही, त्याला ताण दिसतो. दहा गाठी घट्ट आणि अकरावी ढिली असली की नजर तिथेच जाते. सगळ्या ढिल्या चालतील, सगळ्या घट्ट चालतील, मिसळ नको.

कन्ना_चौक
मिसळ नको म्हणणारा सोलापूरकर पहिल्यांदा बघितला बे.

नवी_पेठ
मी राख्या करते, त्यामुळे बारीक दोरी माझ्या हातातली. जुळे_सोलापूर ताई, मुलींच्या ब्रेसलेटला प्लास्टिकचं बकल लावू नका. एकतर बकल टोचतं, दुसरं म्हणजे प्रत्येक मनगटाचं माप वेगळं, स्टॉलवर निम्मा माल कुणालाच बसत नाही म्हणून उरतो. त्यापेक्षा सरकती गाठ करा. दोन्ही टोकं एकमेकांच्या विरुद्ध दिशेने एकत्र धरायची आणि वेगळ्या छोट्या तुकड्याने त्यावर तीन-चार कोब्रा गाठी मारायच्या. टोकं ओढली की घट्ट, ब्रेसलेट ओढलं की सैल. टोकाला एकेक मणी ओवून गाठ मारली की निसटत पण नाही. एकच माप लहान पोरीपासून आजीपर्यंत चालतं.

फक्त सॅटिनच्या गुळगुळीत दोरीवर हे टिकत नाही, आपोआप सैल होतं. सुतावर छान बसतं कारण सूत सुताला धरतं.

गाठ_मारे
नवी_पेठ, सरकती गाठ हातात घालायला बरी, पण बाइक चालवणाऱ्याला मी तरी बकलच देईन. कुठे अडकलं तर पटकन सुटायला पाहिजे, सरकत्या गाठीची टोकं ओढली गेली की ती उलट मनगट आवळते.

नवी_पेठ
बाइकवाल्यांना द्या ना बकल, मी पोरींचं बोलत होते.

पूर्व_भाग
ताणावर गाठ_मारे यांनी जे लिहिलं त्याला माझा दुजोरा. मागावर सुद्धा सगळा खेळ ताणाचाच. ताण्याचा म्हणजे उभा एक धागा ढिला पडला की कापडात लगेच रेघ दिसते.

गाठीवरून आठवलं, मागावर धागा तुटला की जोडायला एक वेगळी गाठ आहे, विणकराची. एका धाग्याचा फास करायचा आणि दुसरा त्यातून वर काढून मागून स्वतःच्याच खाली दाबायचा. समुद्रावरचे लोक दोन वेगवेगळ्या जाडीच्या दोऱ्या जोडायला जी शीट बेंड मारतात ती आणि ही रचना एकच. विणकर हीच का मारतो तर ती लहान होते आणि मागाच्या फणीतून अडकल्याशिवाय पार जाते. आमच्या आईची बोटं इतकी चालायची की गाठ कधी पडली ते दिसायचं नाही, नुसता धागा सलग झालेला दिसायचा. मुलींना ही पण शिकवा. ब्रेसलेटमधे रंग बदलायचा असेल तर दोन रंग याच गाठीने जोडून गाठ आत लपवता येते, वितळवून चिकटवायची गरज पडत नाही.

आणि मनगटाला सूत बांधणं आम्हा विणकरांत काही नवीन नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो त्याच दिवशी नूलपुन्नम असते, घरोघरी मनगटाला सुताचा दोरा बांधतात. त्यामुळे ताईंचा सुताचा हट्ट मला तरी आपला वाटतो.

होटगी_रोड
विषयांतर करते, पण इथले लोक समजून घेतील. मंगळसूत्र गाठवून देणारे पटवेकरी बघितलेत का कुणी काम करताना? आमच्या लहानपणी आई मला घेऊन जायची. ते काका मांडी घालून बसायचे, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचे आणि दोन्ही हात मोकळे. अंगठा पुढेमागे केला की ताण कमी-जास्त. ना फळी ना खिळे ना क्लिप. लाल दोऱ्याचा गोंडा असा आवळून बांधायचे की वर्षानुवर्षं मणी हलायचे नाहीत. आता साखळीत मंगळसूत्र येतं त्यामुळे काम कमी झालं असणार. कुणी अजून करतं का आपल्याकडे? मला माझ्या आईच्या बोरमाळेचा दोरा बदलायचा आहे आणि ती मशिनच्या दोऱ्यात ओवायची माझी इच्छा नाही.

नवी_पेठ
होटगी_रोड, सराफ बाजारात कुठल्याही जुन्या सराफाला विचारा, त्यांचा ठरलेला माणूस असतो. दागिना सोडून येऊ नका, समोर बसून करून घ्या.

डोंगर_वाट
अंगठ्याची युक्ती भारी आहे. आम्ही स्काउटमधे गुडघ्याला रबर लावून करायचो. ज्यांना घरी करायचंय त्यांनी एक लाकडी फळी घ्या, दोन खिळे मारा, मधलं अंतर ब्रेसलेटच्या लांबीइतकं, झालं. विकतची जिग, म्हणजे पट्टी ताणून धरायची चौकट घ्यायची काही गरज नाही.

सात_रस्ता
टोकांबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, आणि हे मुली करणार आहेत म्हणून जरा जोर देऊन लिहितो.

नायलॉन वितळवताना लायटरची ज्योत टोकाला लावायची नाही, ज्योतीच्या बाजूला धरायचं, निळ्या भागाजवळ. पेटलं तर काळं होतं आणि ते टोक पुढे तुटतं. वितळलं की बोटाने दाबू नका, कधीच नाही. वितळलेलं नायलॉन दोनशेच्या वर तापलेलं असतं आणि कातडीला चिकटतं, झटकून निघत नाही. चमच्याच्या पाठीने किंवा पकडीने दाबायचं. चुकून लागलंच तर ओढून काढू नका, वाहत्या गार पाण्याखाली बराच वेळ हात धरा आणि मग डॉक्टर. आठवी-नववीच्या पोरींच्या हातात लायटर देणं मला पसंत नाही, हे काम मोठ्यांनी करावं.

सुती टोक वितळत नाही, ते जळून राख होतं. म्हणजे सुती ब्रेसलेटला लायटरचा विषयच नाही आणि हा मोठा फायदा आहे. शेवटच्या तीन-चार गाठींच्या आतून जाड सुईने टोक मागे ओढून घ्यायचं, कपड्याला लागतो तो फेविकॉलचा एक थेंब, आणि वाळल्यावर कापायचं. नाहीतर टोकावर बारीक दोऱ्याचे दहा-बारा वेढे घट्ट घालून दोरा आतून ओढून घ्यायचा. जहाजावरचे लोक दोरीची टोकं अशीच बांधत आलेत.

दोरी कसली ते दुकानदाराला विचारू नका, तपासा. जळल्यावर कागदाचा वास आणि राख आली तर सूत. कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. तुकडा पाण्यात दाबून आतली हवा काढली तरी तरंगत असेल तर ती पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, बाजारातली स्वस्त रंगीत दोरी बहुतेक तीच. पीपीची ब्रेसलेटं करू नका, उन्हाने कडक होऊन भुगा पडतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात नायलॉनपेक्षा पॉलिस्टर जास्त तग धरतं हे पण ध्यानात ठेवा.

गाठ_मारे
सात_रस्ता, एक नंबर. फक्त फेविकॉलबद्दल माझं मत वेगळं आहे. साधा पांढरा गोंद घामाने आणि धुण्याने सुटतो. कापडासाठीचा वेगळा मिळतो तोच घ्या.

सात_रस्ता
तोच म्हणतोय मी.

भीमा_काठ
सुताचं अजून एक. भिजलं की सूत जास्त बळकट होतं, विहिरीच्या दोराला म्हणून भ्यायचं कारण नसायचं. फक्त ओलं ठिवलं की कुजतं. वाळवलं तर बरीच वर्सं जातं.

पूर्व_भाग
काका शंभर टक्के बरोबर. कापूस ओला झाला की त्याची ताकद वाढते, नायलॉनची थोडी घटते.

विजापूर_रोड
मला एक विरोधी सूर लावायचा आहे. सुती ब्रेसलेट पंधरा दिवसांत मळकट दिसतं. पांढरं-पिवळं असेल तर आठवड्यात. गिऱ्हाईक म्हणणार पैसे घेतले आणि असलं दिलं. मी नायलॉनचीच करते, सात-आठ वर्षं लोक परत येतात, घामाचं म्हणाल तर रात्री काढून ठेवा. भावना बाजूला ठेवून सांगते, विकायचं असेल तर लोकांना चकचकीत पाहिजे असतं.

जुळे_सोलापूर
विजापूर_रोड, मळतं हे मान्य आहे. पण सुती वस्तू धुता येते ना. आपण रुमाल, टॉवेल, चादर सगळं धुतोच, मग ब्रेसलेटच का धुवायचं नाही? सरकत्या गाठीचं असेल तर काढायचं, साबणाच्या पाण्यात टाकायचं, वाळवायचं. मला वाटतं आपण गिऱ्हाइकाला हे सांगितलं पाहिजे, एक छोटी चिठ्ठी लावून. रंग मात्र पक्का पाहिजे, त्याची काळजी मला जास्त आहे.

पूर्व_भाग
रंगाचं सोपं आहे. पांढरं सुती कापड ओलं करा, दोरीवर जोराने घासा. कापडाला रंग लागला तर ती दोरी घेऊ नका, दुकानदार काय वाटेल ते सांगो. लाल आणि गडद निळा यांच्यावर जास्त लक्ष ठेवा. मीठ-व्हिनेगरमधे भिजवून कच्चा रंग पक्का होतो असं बायका सांगतात, पण सुताचा रंग तसा पक्का होत नाही, रंगवतानाच नीट केलेला असावा लागतो. आणि दोरी आणली की गाठी मारायच्या आधी एकदा गरम पाण्यातून काढून वाळवा. सूत आकसतं, नायलॉन पण आकसतं. आधी आकसू दिलं तर नंतर ब्रेसलेट मनगटाला आवळत नाही.

विजापूर_रोड
चिठ्ठीची कल्पना चांगली आहे. तरी पिवळा, पांढरा टाळाच.

कन्ना_चौक
किल्लीच्या गोंड्यावर कुणी बोलेना. मला तो गोल चेंडूसारखा पाहिजे, माकडाची मूठ म्हणतात बघा. जमतं का घरी?

डोंगर_वाट
मंकीज फिस्ट. जमतं. आत गोटी ठेवायची, तिच्याभोवती तीन आडवे, तीन उभे आणि परत तीन आडवे वेढे, मग एकेक वेढा क्रमाने ओढत घट्ट करत जायचं. वेळ ओढण्यातच जातो, गुंडाळायला पाच मिनिटं. जहाजावरून धक्क्यावर दोरी फेकताना पुढे वजन पाहिजे म्हणून ही गाठ आली. आत लोखंडी छर्रा घालू नका, काचेची गोटी किंवा लाकडी मणी घाला. जड मूठ कुणाच्या डोक्याला लागली तर दुखापत होते, आणि किल्लीला जड काही लटकवलं की गाडीचं लॉक झिजतं.

स्कूटरच्या किल्लीला गोंडा लांब नको. तीन-चार इंच बास. लांब असला की गुडघ्याला लागत राहतो. डायमंड नॉट, खाली दोरीचा छोटा डबल फास, वर रिंग, एवढं सुटसुटीत सगळ्यात बरं. खिशातून ओढायला पकड येते.

सात_रस्ता
गोंड्याला मात्र मी नायलॉन किंवा पॉलिस्टरच म्हणेन. रिंगच्या लोखंडावर दोरी दिवसभर घासते, गंज लागतो, सूत तिथेच तुटतं. काकांचा वेसणीचा नियम इथे उलटा लावा.

भीमा_काठ
उलटा न्हाय, तोच. ओढ बसती तिथं नायलॉन म्हणलो की मी.

सात_रस्ता
हो काका, तोच :)

होटगी_रोड
किमतीचं राहिलं. मी बचत गटात हिशोब लिहिते. दोरी, बकल, मणी, रिंग, पिशवी हे सगळं एका ब्रेसलेटमागे किती पडलं ते आधी लिहा, त्यात वाया गेलेले तुकडे पण धरा. मग हाताचा वेळ. हात बसलेल्या मुलीला साध्या कोब्राला अर्धा तास लागतो असं धरलं तर त्या अर्ध्या तासाचे पैसे लावलेच पाहिजेत, घरचं काम आहे म्हणून शून्य लावू नका. आपल्या बायका इथेच मार खातात, सामानाचे पैसे सुटले की खूश. गड्ड्यावर लोक घासाघीस करणार, करू द्या, पण सामान अधिक वेळ याच्या खाली यायचं नाही हे मुलींनी आधी ठरवून ठेवावं. आणि एकच साधं, पटकन होणारं, कमी किमतीचं ठेवा, लहान पोरं तेच घेतात. स्नेक नॉटचं बारीक ब्रेसलेट त्याला चांगलं.

अजून एक सुचतंय. आपल्याकडे युनिफॉर्म शिवणारे इतके आहेत. एनसीसी, स्काउट, बँडची मुलं यांना शिट्टीची दोरी लागतेच. एखाद्या युनिफॉर्मवाल्याला नमुना दाखवा, गड्डा संपला तरी काम चालू राहील.

जुळे_सोलापूर
होटगी_रोड ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नक्की करणार.

चाटी गल्लीत जाऊन आले. तीन एमएमची विणलेली सुती दोरी मिळाली, ओल्या कापडाची परीक्षा तिथेच दुकानात केली, मरून नापास झाला, हिरवा आणि काळा पास. दुकानदार काका आधी हसले, मग म्हणाले बाई तुम्हाला कळतंय आणि आतून दुसरा लॉट काढून दिला. घरी आल्यावर दोरी गरम पाण्यातून काढली, वाळवली, आणि एका मुलीने हिरव्याचं सरकत्या गाठीचं ब्रेसलेट केलं. नायलॉनपेक्षा गाठ बारीक आणि मऊ दिसते, चमक नाही पण भरलेपणा आहे. टोकं सुईने आत घेतली. दोन दिवस घालून फिरली, एकदा धुतलं, आकार तसाच आहे.

तेव्हा आमचं ठरलं: मनगटासाठी सूत, तेही गडद रंगाचं, चिठ्ठी लावून. किल्लीसाठी पॉलिस्टर, आखूड. ज्यांना पॅराकॉर्डच पाहिजे त्यांना सात धाग्यांची, बकल लावून, ऑर्डर घेऊन.

विजापूर_रोड
काळ्या-हिरव्याचं दोन रंगी कोब्रा करून बघा सुतात. तसं असेल तर मी पण घेईन.

कडक_भाकरी
आणि माझा भगवा?

जुळे_सोलापूर
भगवा पॉलिस्टरमधे आहे. ओल्या कापडाला पास झालाय. काचेची गोटी घालून मूठ करू की साधा डायमंड?

कडक_भाकरी
साधा. गुडघ्याला लागायला नको.

भीमा_काठ
स्टॉल लागला की इथं सांगा ताई. बैलाच्या कंड्याला लावतो तसले लोकरीचे बारके गोंडे आमची म्हातारी अजून करती, शंभरभर पाठवून देतो. ब्रेसलेटाच्या टोकाला लावा.

जुळे_सोलापूर
पाठवा काका, पण त्याचे पैसे आजींना मिळाले पाहिजेत, होटगी_रोड ताईंच्या हिशोबाने. आणि आधी लालचे दोन-तीन पाठवा, लोकर धुतल्यावर रंग सोडते का ते बघते.